ठिणगी पाडणारा प्लग

(इयत्ता चौथी. लेख चार कागदांवर आहे. डावीकडून वाचत यावे. चित्रे मी स्वतः काढली आहेत.)



बाईंनी सांगितले की या महिन्याच्या भित्तिपत्रकात प्रत्येकाने आपल्या घरातल्या धंद्याची माहिती लिहावी. कोणी कांद्याची चाळ लिहिली, कोणी गोठा लिहिला. माझे वडील टेम्पो चालवतात, म्हणून मी टेम्पोच्या प्लगची माहिती लिहिते. प्लग म्हणजे भिंतीतल्या बटणाजवळचा विजेचा प्लग नव्हे. हा स्पार्क प्लग. स्पार्क म्हणजे ठिणगी. हा बोटाएवढा असतो, पण तो बिघडला की सगळा टेम्पो रस्त्यात उभा राहतो. आमचा राहिला होता. ती हकिकत आधी सांगते.

आमचा टेम्पो अडला

आमचा टेम्पो चार चाकांचा, लहान आणि गॅसवर चालणारा आहे. घरातला शिजवायचा गॅस नाही, सीएनजी. पप्पा त्यातून कांदा आणि बटाटा चाकणच्या मार्केट यार्डात नेतात. इतर दिवशी एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमधून लोखंडी पार्ट भरलेल्या पेट्या मोठ्या कंपनीत पोचवतात. ते काम वेळेचे आहे. कंपनीत त्या पार्टांची वाट बघत माणसे उभी असतात. पेटी वेळेवर गेली नाही तर पुढचे काम थांबते आणि वर्कशॉपच्या शेटजींना बोलणी बसतात. मग ते पप्पांना बोलतात.

श्रावणात आमचा टेम्पो आचके द्यायला लागला. सपाट रस्त्याला बरा चालायचा. चढ आला की धक्के मारायचा, जसा कोणी मागून ओढतो आहे. पप्पा म्हणायचे, "मिसिंग करतीय." गॅसही जास्त लागू लागला. आधी एका किलोत वीस किलोमीटर जायचा, तो सोळावर आला. आणि एक दिवस चाकणच्या तळेगाव चौकाच्या अलीकडे, भरल्या गर्दीत, बंदच पडला. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. लोकांनी ढकलून बाजूला घेतला. त्या दिवशी पेट्या दोन तास उशिरा पोचल्या. शेटजी म्हणाले, "परत असं झालं तर मी दुसरा टेम्पो बघतो."

पप्पांनी एका गॅरेजात दाखवले. तिथे टेम्पो नुसता चालू करून ऐकला आणि सांगितले की इंजिन खोलावे लागेल, वीस हजार तरी लागतील. रात्री घरात कोणी नीट जेवले नाही. टेम्पोचा हप्ता अजून दोन वर्षे आहे. आईने कानातले काढून ताटलीत ठेवले आणि म्हणाली, "हे घ्या, नंतर सोडवू." पप्पा काही बोलले नाहीत. आबा (माझे आजोबा) ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "आरं, त्यानं प्लग काढून बघितला का?"

पप्पा म्हणाले, "नाही."

"मंग आधी प्लग बघा. सोनं आपल्या जागी असूद्या."

आबांना प्लगचे सगळे कळते. का कळते ते खाली लिहिले आहे.

आबांचा तीनचाकी टेम्पो

आपल्या पिंपरी-चिंचवड आणि चाकण भागात गाड्यांचे कारखाने खूप. १९६२ साली महाराष्ट्रात एमआयडीसी सुरू झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या माळावर कारखाने उभे राहिले. १९६६ साली टेल्को पुण्याला आली. तिचेच नाव २००३ पासून टाटा मोटर्स आहे. आकुर्डीला बजाज टेम्पो होती. ती कंपनी १९५८ साली निघाली. तिचे नाव २००५ साली बदलून फोर्स मोटर्स झाले. नंतर चाकणलाही कारखाने आले. बजाजचा आला, २००९ साली फोक्सवॅगनचा आला, महिंद्राचाही आला.

आता एक गंमत सांगते. आपण ज्याला त्याला 'टेम्पो' म्हणतो ना, ते खरे एका कंपनीचे नाव आहे. जर्मनीत टेम्पो नावाच्या तीनचाकी गाड्या बनत. त्यांच्याच नमुन्यावर बजाज टेम्पोने आपल्याकडे तीनचाकी बनवल्या. त्या इतक्या चालल्या की माल नेणाऱ्या सगळ्याच छोट्या गाड्यांना लोक टेम्पो म्हणू लागले.

आबा तरुणपणी भोसरीत तसलाच तीनचाकी टेम्पो चालवायचे. त्याचे इंजिन पेट्रोलवर चाले आणि पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागे. ऑईल जळून प्लग काळा व्हायचा. म्हणून आबांच्या खिशात कायम एक जादा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचा. गाडी अडली की रस्त्याच्या कडेला प्लग काढायचा, घासायचा, लावायचा आणि पुढे जायचे. आबा अजून 'मायकोचा प्लग' म्हणतात. मायको ही कंपनी १९५१ साली बंगळूरला निघाली. २००८ पासून तिचे नाव बॉश झाले. पण जुनी माणसे जुनेच नाव घेतात.

मोठ्या ट्रकला प्लग नसतो

मला वाटायचे सगळ्या ट्रकला प्लग असतो. मी आबांना विचारले, "त्या दहा चाकांच्या ट्रकला किती मोठा प्लग असेल हो?" आबा हसायला लागले.

"आगं, डिझेलच्या ट्रकला ठिणगीचा प्लगच नसतो."

"मग आत पेटतं कसं?"

"दाबानं पेटतं. सायकलचा पंप आण."

मी पंप आणला. आबांनी तोंडाला अंगठा लावायला सांगितला आणि जोरजोरात पंप मारायला लावला. पंधरा-वीस वेळा मारल्यावर पंपाची नळी खालच्या बाजूला गरम लागली. हवा दाबली की ती तापते. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबतात की सोळा-अठरा भांडी हवा एका भांड्यात कोंबल्यासारखे होते. ती पाचशे अंशांच्या वर तापते. पाणी शंभर अंशाला उकळते, यावरून समजा. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनियरने असे इंजिन १८९७ साली चालवून दाखवले. त्याच्याच नावावरून डिझेल नाव पडले.

काही डिझेल गाड्यांना 'हीटर प्लग' असतो. पण तो थंडीत गाडी सुरू करताना आतली हवा गरम करतो. ठिणगी पाडत नाही. म्हणून त्यात आणि ह्यात गोंधळ करू नये.

पेट्रोल आणि गॅस मात्र ठिणगीने पेटवावे लागतात. म्हणून मोटरसायकल, पेट्रोलची कार, गॅसची रिक्षा, गॅसचा टेम्पो आणि सीएनजीवरचे मोठे ट्रक यांना स्पार्क प्लग असतो. आता गॅसवरच्या मालगाड्या वाढल्या आहेत, म्हणून ही माहिती पुष्कळ घरांत उपयोगी पडेल.

इंजिनात काय चालते

इंजिनात एक गोल नळकांडे असते. त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात पिस्टन वर-खाली होतो. त्याची चार कामे असतात.

१) ओढणे. पिस्टन खाली जातो. हवा आणि गॅसचे मिश्रण आत येते.
२) दाबणे. पिस्टन वर येतो. मिश्रण दाबले जाते.
३) पेटणे. प्लग ठिणगी पाडतो. मिश्रण भडकते आणि पिस्टनला जोरात खाली ढकलते. गाडी चालते ती याच ढकलण्यावर.
४) सोडणे. पिस्टन परत वर येतो. जळलेला धूर सायलेन्सरमधून बाहेर जातो.

या चार कामांत इंजिन दोन वेळा फिरते आणि ठिणगी एकदा लागते. आता गणित करू. इंजिन मिनिटाला ३००० वेळा फिरले तर ठिणग्या १५०० लागतात. म्हणजे सेकंदाला २५! आपली एक तासिका ३५ मिनिटांची आहे. तेवढ्या वेळात एक प्लग ५२,५०० वेळा काम करतो. त्यात एकही चुकली तर गाडी आचका देते. मग प्लग झिजणार नाही तर काय होईल?

प्लग आतून कसा असतो (चित्र १ पाहा)

प्लगच्या टोकाला वर एक लोखंडी घुंडी असते. तिच्यावर वायरची रबरी टोपी बसते. मध्ये पांढरी चिनीमाती असते, कपबशीसारखी गुळगुळीत, पण फार कडक. चिनीमातीतून वीज जात नाही. म्हणून ती विजेला बाहेर पळू देत नाही. खाली लोखंडी बांगडी असते. तिला सहा कोन असतात, त्यात पाना बसतो. त्याखाली आटे असतात आणि आट्यांच्या वर एक वायसर असते. सगळ्यात खाली मधोमध एक तारेसारखा दांडा बाहेर आलेला असतो आणि बाजूने एक वाकडी पट्टी त्याच्यावर येते, जशी विंचवाची नांगी. दांडा आणि नांगी यांच्यामध्ये थोडी फट असते. त्या फटीला मेस्त्री लोक 'गॅप' म्हणतात. ठिणगी तिथेच पडते.

बॅटरी फक्त १२ व्होल्टची असते. तेवढ्याने ठिणगी उडी मारत नाही. म्हणून मध्ये 'कॉईल' असते. ती १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. तेव्हा वीज फट ओलांडते आणि ठिणगी पडते.

हे सगळे फार जुने आहे. १८६० साली पॅरिसमध्ये लन्वार नावाच्या माणसाने आपल्या इंजिनात विजेची ठिणगी वापरली होती. पण नीट भरवशाचा प्लग आणि त्याला वीज देणारे यंत्र १९०२ साली रॉबर्ट बॉश यांच्या जर्मनीतल्या कारखान्याने बनवले. तेव्हापासून प्लगचे रूप फारसे बदललेले नाही.

चढावरच का अडतो

मला प्रश्न पडला होता की सपाटीला बरा चालणारा टेम्पो चढालाच का अडतो. आबांनी सांगितले. चढाला पप्पा जास्त ॲक्सिलेटर दाबतात. मग सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण येते आणि ते जास्त दाबले जाते. दाबलेल्या हवेतून ठिणगीला उडी मारणे जड जाते. प्लग चांगला असेल तर मारते. पण नांगी झिजून फट वाढली असेल, तर उडी लांब पडते आणि ठिणगी पडतच नाही. गॅसला तर पेट्रोलपेक्षाही जोरदार ठिणगी लागते. म्हणून गॅसच्या गाडीत प्लगची दुखणी लवकर कळतात.

आमच्या टेम्पोला दोन सिलिंडर आहेत. म्हणजे दोन प्लग. एक बंद पडला की अर्धीच ताकद. आबा म्हणाले, "दोन बैलांच्या गाडीतला एक बैल खाली बसला, तर दुसऱ्यानं किती वढायचं?" आणि बसलेल्या बैलाचा चारा वाया जातो तसा न जळलेला गॅस सायलेन्सरमधून बाहेर जातो. म्हणून आमचा गॅस जास्त लागत होता.

आम्ही प्लग कसे काढले

रविवारी सकाळी आबा, पप्पा आणि मी अंगणात बसलो. मी बॅटरी धरायला आणि लिहून घ्यायला होते. काय काय केले ते क्रमाने लिहिते. मुलांनो, हे मोठ्या माणसांचे काम आहे. आपण फक्त बघायचे आणि शिकायचे.

१) इंजिन पूर्ण थंड होऊ दिले. टेम्पो रात्रभर उभा होता. गरम इंजिनातून प्लग काढला तर हात भाजतोच, पण आतले ॲल्युमिनियमचे आटेही खराब होतात. आटे गेले की खरोखर मोठा खर्च येतो.

२) चावी काढून पप्पांनी खिशात ठेवली. गॅसच्या टाकीचा कॉक बंद केला. बॅटरीची काळी वायर सोडली. जवळ कोणी विडी-सिगारेट ओढायची नाही, काडी पेटवायची नाही.

३) सीट उचलली. आमचे इंजिन सीटखाली आहे. रबरी टोप्यांवर पप्पांनी खडूने १ आणि २ लिहिले. वायरींची अदलाबदल झाली तर गाडी चालत नाही.

४) टोपीला धरून थोडे फिरवून वर ओढले. वायरीला धरून ओढायचे नाही, ती आतून तुटते.

५) प्लगच्या भोवती धूळ साचली होती. ती सायकलच्या पंपाने फुंकून टाकली. हे फार महत्त्वाचे. नाहीतर प्लग निघाला की माती सरळ सिलिंडरमध्ये पडते आणि आत घासत राहते.

६) प्लगपाना घालून उलट्या दिशेने फिरवला. पहिला निघाला. दुसरा घट्ट होता. पप्पा जोर करायला लागले तर आबा ओरडले, "हळू! मोडला तर आत अडकंल." मग पाना सरळ धरून, थोडा पुढे-मागे करत काढला.

७) दोन्ही प्लग स्वच्छ फडक्यावर १ आणि २ असे ओळीने ठेवले. भोके फडक्याने झाकली.

प्लगचा रंग काय सांगतो (चित्र २ पाहा, रंगखडूने रंगवले आहे)

आबा म्हणतात, डॉक्टर जीभ बघतो तसा मेस्त्री प्लग बघतो. रंगावरून पोटातले कळते.

फिकट तपकिरी किंवा राखाडी : इंजिन निरोगी. गॅसच्या गाडीत हा रंग आणखी फिका, पांढुरका असतो, कारण गॅस स्वच्छ जळतो.

काळा आणि कोरडा, काजळीसारखा : हवा कमी पडते. हवेचा फिल्टर धुळीने भरला असेल. आपल्याकडे कारखान्यांच्या रस्त्यांना धूळ खूप, त्यामुळे हे होते.

काळा आणि ओला, तेलकट : ऑईल वर येते आहे. रिंगा झिजल्या असतील. हे दुखणे मोठे. नुसता प्लग बदलून जात नाही.

पांढराफटक, वर फोड आल्यासारखा : इंजिन फार तापते, किंवा प्लग चुकीच्या नंबरचा आहे.

नांगी आणि दांडा गोल झालेले : प्लग म्हातारा झाला. बदलावा.

चिनीमातीला तडा : वीज तिथूनच पळते. ताबडतोब बदलावा.

प्लगचे टोक चालताना साडेचारशे ते साडेआठशे अंश तापले पाहिजे. त्यापेक्षा कमी तापले तर काजळी जळून जात नाही. जास्त तापले तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटते. म्हणून प्रत्येक गाडीला तिचाच नंबर लागतो.

आमचे दोन्ही प्लग राखाडी होते. ओले नव्हते. आबांनी मान हलवली आणि म्हणाले, "इंजिन चांगलं हाय." पप्पांनी मोठा श्वास सोडला.

मग फट मोजली. त्यासाठी 'फिलर गेज' असते. पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा, पंख्यासारखा उघडतो. प्रत्येक पट्टीवर जाडी लिहिलेली असते. गाडीच्या पुस्तकात आमच्या प्लगची फट ०.७ मिलिमीटर दिली आहे. तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर एक छोटे घर म्हणजे १ मिलिमीटर. त्याहून ही फट कमी. मी ०.७ ची पट्टी घातली, ती ढिली गेली. मग ०.६ आणि ०.५ च्या पट्ट्या एकत्र घातल्या. त्या बरोबर बसल्या. बेरीज केली, १.१ झाले. दुसऱ्या प्लगचेही तसेच. फट दीडपटीहून जास्त झाली होती!

मी दोन नंबरचा प्लग उन्हात धरला. पांढऱ्या चिनीमातीवर मला एक केस दिसला. मी फडक्याने पुसला. गेला नाही. नखाने काढला. तरी गेला नाही. मी म्हणाले, "आबा, केस निघत नाही." आबांनी चष्मा लावला आणि बघितले. म्हणाले, "हा केस न्हाय, हा तडा हाय." तो चढाला बसणारा बैल सापडला!

नवे प्लग कसे बसवले

पप्पा मोटरसायकलवर चाकणला गेले आणि त्याच नंबरचे दोन प्लग घेऊन आले. पाचशेची नोट मोडली आणि वर पैसे परत आले. फक्त तडा गेलेला एकच बदलावा असे पप्पांच्या मनात होते. पण दोन्ही बरोबरच झिजतात, म्हणून जोडी बदलायची. सहा सिलिंडर असतील तर सहाही.

दुकानात नंबर नीट बघावा. आटे लांब असलेला प्लग लावला तर तो आत पिस्टनला ठोकतो. आखूड लावला तर ठिणगी नीट पेट घेत नाही. आणि प्लग हातातून पडला तर वापरू नये. वरून धड दिसतो, आत तडा गेलेला असतो.

नव्या प्लगची फट पण मोजली. नवा आहे म्हणून बरोबर असेलच असे नाही. एकाची बरोबर होती, दुसऱ्याची जरा जास्त. पप्पांनी नांगी हलकेच दाबून ती ०.७ केली. मधल्या दांड्याला हात लावायचा नाही, चिनीमाती फुटते.

मग प्लग आधी नुसत्या हाताने फिरवून बसवले. हाताने गोड फिरला म्हणजे आटे बरोबर लागले. सुरुवातीपासून पाना लावला तर आटा तिरका जातो आणि कळतही नाही. हाताने पूर्ण बसल्यावर पान्याने फक्त अर्धा फेरा, फार तर थोडा जास्त. तेवढ्याने नवी वायसर दबते आणि बसते. पप्पा आणखी आवळणार होते. आबा म्हणाले, "बास. ढिला राहिला तर तापतोय, जास्ती आवळला तर आटा जातोय." मग टोप्या नंबराप्रमाणे 'टक्' आवाज येईपर्यंत दाबल्या. हवेचा फिल्टरही झटकला. बॅटरीची वायर लावली. कॉक उघडला. गॅसचा वास येत नाही याची खात्री केली.

आबांच्या काळी प्लग बाहेर काढून लोखंडाला टेकवत आणि इंजिन फिरवून ठिणगी बघत. आता तसे करू नये. गॅसच्या गाडीत तर मुळीच नाही. बाहेर आलेला गॅस पेटू शकतो आणि आजकालची कॉईल जोराचा झटका देते.

पुढे काय झाले

पप्पांनी चावी फिरवली. टेम्पो पहिल्याच फटक्यात सुरू झाला. आधी 'फट्-फट्, फट्' असा मध्येच गाळलेला आवाज यायचा. आता एकसारखा आला. आई दारात उभी होती. पप्पांनी मला आणि आबांना बसवून गावाबाहेरच्या चढापर्यंत नेले. टेम्पोने एकही आचका दिला नाही. परत आल्यावर आईने ताटलीतले कानातले उचलून कानात घातले.

सोमवारी पेट्या वेळेवर पोचल्या. शेटजींचे काम अजून चालू आहे. गॅसचा हिशेब पण आता मी ठेवते. परत एका किलोला वीसच्या जवळ आला आहे.

त्या गॅरेजवाल्यांनी मुद्दाम खोटे सांगितले असे मी म्हणत नाही. त्यांनी काढून बघितलेच नव्हते. न बघता मोठे दुखणे सांगू नये एवढेच. आणि टेम्पोचाही दोष नव्हता. प्लग किती किलोमीटरला बदलायचे ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेले होते. हप्त्याच्या काळजीने पप्पांनी दोन वेळा सर्व्हिसिंग पुढे ढकलले होते. पप्पांनी स्वतःच मला सांगितले, "हे पण लिही. लोकांना उपयोग होईल."

म्हणून मी आता घरातल्या दिनदर्शिकेवर प्लग बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले आहेत. पुढच्या वेळी प्लग कधी काढून बघायचे ते लाल पेनाने लिहिले आहे. जुना तडा गेलेला प्लग मी आणला आहे. तो भित्तिपत्रकाखाली टेबलावर ठेवला आहे. उन्हात धरून बघा, केस दिसतो का ते. हातातून पाडू नका, कारण बाई सर्वांना दाखवणार आहेत.

पालकांना विनंती

ज्यांच्याकडे गॅसचा टेम्पो किंवा रिक्षा आहे त्यांनी आपल्या गाडीच्या पुस्तकातले प्लगचे पान एकदा काढून बघावे. इंग्रजी वाचता येत नसेल तर आम्ही चौथीची मुले आकडे वाचून दाखवू.

ओळखा पाहू

१) प्लग काळा आणि कोरडा आहे. आधी काय तपासाल?
२) इंजिन मिनिटाला २००० वेळा फिरते. एका प्लगच्या ठिणग्या मिनिटाला किती?
३) दहा चाकांच्या डिझेल ट्रकला स्पार्क प्लग किती?

(उत्तरे उलटी लिहिली आहेत. मान वाकडी करून वाचा : १) हवेचा फिल्टर. २) १०००. ३) एकही नाही.)

चूकभूल द्यावी घ्यावी.

— इयत्ता चौथीची विद्यार्थिनी